भोकं जुळली, बोली जुळेना

नरकचतुर्दशीची पहाट होती. डेट्रॉइटच्या उत्तरेला, ट्रॉय नावाच्या उपनगरात, भाच्याच्या घरी अभ्यंगस्नानं उरकली होती आणि चकलीचा डबा उघडला होता. बाहेर गवतावरचं दव गोठून पांढरं पडलेलं. देवळात जायला म्हणून भाच्याने पिकअप सुरू केला, आणि अंगणात पणती लागायच्या आत डॅशबोर्डवर एक दिवा लागला. पिवळा, घोड्याच्या नालेसारखा, पोटात उद्गारचिन्ह.

"हवा कमी आहे," मी म्हटलं.

"पहिल्या गारठ्याला दरवर्षी लागतो, मामा. शनिवारी हिवाळी टायर चढवायचेच आहेत. ऑफिसातल्या एकाने ट्रक विकला, त्याची हिवाळी चाकं गॅरेजात पडून होती, ती मला दिलीत. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. नुसती काढायची आणि लावायची. चला तुम्हीही, दुकान बघायला मिळेल."

'नुसती काढायची आणि लावायची' या चार शब्दांपायी माझा पुढचा आठवडा टायरवाल्यांच्या दुकानांत गेला. मुक्काम मुलाबाळांत घालवायचा सोडून हा माणूस रबराचा वास घेत काय फिरतो, असं बहीण तोंडावर म्हणाली. तिला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ते आता देतो.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेली गाडी डोळ्यांसमोर येते. तिकडे पिकअप ही घरची गाडी आहे. पोरांना शाळेत सोडायला तीच, लाकूडफाटा आणायला तीच, सुट्टीत बोट ओढत तळ्यावर न्यायलाही तीच. फोर्डची एफ-सीरिज १९७७पासून त्या देशात सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. भाच्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर, स्टर्लिंग हाइट्सला, रॅम १५०० तयार होतो. डिअरबॉर्नला फोर्डचा एफ-१५०. या कारखान्यांच्या आसपासच्या ऑफिसांत मराठी इंजिनियर इतके आहेत, की दिवाळीच्या फराळाला जमलेल्या बारा माणसांपैकी सातजण कुठल्या ना कुठल्या गाडीच्या कुठल्या ना कुठल्या पुर्जावर पोट भरत होते. त्यातल्या एकालाही, भाच्याची चाकं बसतील पण गाडी ती ओळखेल का, हे छातीठोकपणे सांगता आलं नाही.

माझे वडील टेम्पो चालवायचे. निघण्यापूर्वी क्लीनर पोरगा लोखंडी टॉमी घेऊन एकेका चाकावर ठोका मारत गाडीभोवती फिरे. टण्ण असा उसळता आवाज आला की हवा ठीक. थप्प असा मेला आवाज आला की वडील हातातला चहा खाली ठेवत. त्या पोराला कुठल्याही कंपनीचं कुठलंही चाक चालायचं. कान एकच होता आणि रबराची भाषाही एकच.

अमेरिकेने हा कान यंत्राला दिला, तो एका मोठ्या अपघातमालिकेनंतर. फोर्डची एक्सप्लोरर ही गाडी रेंजर या पिकअपच्याच सांगाड्यातून आलेली. तिला फायरस्टोनचे टायर असत. टायरची वरची थर-पट्टी धावता धावता सुटायची आणि गाडी उलटायची. ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाहिनीने २०००च्या फेब्रुवारीत हे प्रकरण बाहेर काढलं आणि ९ ऑगस्ट २००० रोजी कंपनीने ६५ लाख टायर परत बोलावले. अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या मोजदादीत मृतांचा आकडा शेवटी २७१ वर गेला. दोष कुणाचा यावरून दोन्ही कंपन्या एकमेकींवर तुटून पडल्या, आणि त्या भांडणात एक आकडा वारंवार पुढे येत राहिला: २६. एक्सप्लोररमध्ये २६ पीएसआय हवा ठेवा असं फोर्ड सांगत होती. फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी. आपल्या भाषेत चार पौंडांचा वाद. कमी हवेचा टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्याने तापतो, आणि टेक्सासच्या उन्हात आधीच तापलेल्या रस्त्यावर त्याचे थर एकमेकांना सोडू लागतात. सगळा दोष हवेचा होता असं नव्हे, टायरच्या बांधणीतही खोट होती. पण गाडी चालवणाऱ्याला हवा कमी झाल्याचं कळायची काहीच सोय नव्हती, हे सगळ्यांना पटलं.

१ नोव्हेंबर २००० रोजी क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून 'ट्रेड' हा शब्द केलेला आहे. ट्रेड म्हणजे टायरची नक्षी. कायदे करणाऱ्यांना असली कोटी सुचते, याचं मला कौतुक वाटलं. हवा कमी झाली की चालकाला कळवणारी यंत्रणा प्रत्येक नव्या गाडीत हवी, असं त्याने सांगितलं. ती कशी हवी यावर पुढची पाच वर्षं गेली. पहिल्या नियमात कंपन्यांना एक स्वस्त पळवाट होती: ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून चाकांचा वेग घ्यायचा, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, जास्त वेगाने फिरतं, त्यावरून अंदाज बांधायचा. पण दोन चाकांची हवा सारखीच उतरली तर ही युक्ती फसायची. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या आणि २००३मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. २००५च्या एप्रिलमध्ये सध्याचा नियम आला. त्याचा क्रमांक १३८. १ सप्टेंबर २००७पासून १०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार टनांपर्यंत एकूण वजनक्षमतेच्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीला तो लागू झाला. हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्क्यांनी उतरली की वीस मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे, मग एका चाकाची असो की चारही.

एक हिशेब मी गंमत म्हणून केला. भाच्याच्या ट्रकच्या दरवाजावरच्या चिठ्ठीत ३५ पीएसआय लिहिलंय. त्यातून पाव वजा केला की उरतात सव्वासव्वीस. म्हणजे ज्या दाबाला त्याच्या डॅशबोर्डवर आज पिवळा दिवा लागतो, जवळपास तोच दाब १९९०च्या दशकात एका गाडीसाठी कंपनीची अधिकृत शिफारस होता. गाडी वेगळी, टायर वेगळे, हे कबूल. तरी आकडा पाहून मी दोनदा बेरीज-वजाबाकी तपासली.

गारठ्याने दिवा का लागतो तेही सोपं आहे. तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. जुलैतल्या तीस अंशांत भरलेले ३५, दिवाळीत शून्याच्या आसपास तीस-एक होतात. शिवाय रबरातून महिन्याकाठी थोडी हवा झिरपतेच. उन्हाळाभर कुणी पंपाकडे फिरकलं नसेल तर बाकीचे चार तिथे जातात.

शनिवारी दुकानासमोर पिकअपांची रांग होती. मिशिगनमध्ये बर्फ पडण्याआधीचे हे आठवडे म्हणजे टायरवाल्यांचा सुगीचा हंगाम. सरहद्दीपलीकडे कॅनडातल्या क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. मिशिगनमध्ये सक्ती नाही, पण शहाणे लोक घालतात. दर वर्षी दोनदा त्याच रिमवरून टायर काढणं-चढवणं महाग आणि टायरला जाचक, म्हणून हिवाळ्याचा रिमसकट वेगळा संच ठेवायची पद्धत आहे. शिवाय तिथे आणखी एक बाजार आहे, तो आपल्याकडे नाही. नवा पिकअप शोरूममधून आणायचा, त्याच आठवड्यात कंपनीची चाकं उतरवून मोठी, काळी, भपकेबाज चाकं चढवायची आणि उतरवलेली विकून टाकायची. जेमतेम पन्नास मैल चाललेली चाकं अशी निम्म्या किमतीत मिळतात. चाकांची अदलाबदल हा तिथला जोडधंदाच आहे.

दुकानातला कारागीर पन्नाशीचा, गोरा, दाढीत रबराची काळी पूड अडकलेला. त्याने आमची चाकं ट्रकच्या हौद्यातून उतरवली (एकेक पस्तीस-चाळीस किलोचं), आणि जॅकला हात न लावता खिशातून मोबाइलहून थोडं मोठं एक यंत्र काढलं. ते पहिल्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरलं. टुक् असा आवाज झाला. पडद्यावर आकडे आले. चारही चाकांशी तेच. मग भाच्याला विचारलं, "ही कुठल्या सालची?" भाच्याने सांगितलं. "आणि ट्रक?" तेही सांगितलं. दाढी खाजवत तो म्हणाला, "बसतील. पण बोलणार नाहीत."

ट्रकच्या कंपनीचं नाव मी इथे देत नाही, कारण ही तिच्या एकटीची गोष्ट नाही. नंतर सगळ्याच कंपन्यांच्या चाकांत डोकावलो, आणि सगळ्यांच्या घरी मातीच्याच चुली निघाल्या.

चाक बसतं की नाही हे मिलिमीटरवर ठरतं. नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, आपले टायरवाले त्याला पीसीडी म्हणतात, आणि मधल्या भोकाचा व्यास, हे दोन आकडे आधी बघायचे. एफ-१५०ला २००४पासून सहा नट आणि १३५ मिलिमीटर. शेव्हरोलेच्या सिल्वरॅडो १५००ला सहा नट आणि १३९.७. लांबून बघितलं तर जुळी भावंडं. पण भोकं प्रत्येकी सव्वादोन मिलिमीटरहून जास्त सरकलेली, म्हणून एकाचं चाक दुसऱ्याला बसत नाही, आणि ठोकून बसवलं तर नट सैल होतात. रॅम १५००ला आधी पाच नट होते. २०१९च्या नव्या बांधणीत सहा झाले. टोयोटाच्या टुंड्राचे पाचाचे सहा २०२२मध्ये झाले. फोर्ड सुपर ड्यूटीला आठ, तेही १७० मिलिमीटरवर, जे आणखी कुणाचे नाहीत. इथवरची भानगड डोळ्यांना दिसते. टेप घेऊन मोजताही येते.

पुढची दिसत नाही. २०१८ आणि २०१९च्या सिल्वरॅडो १५००चं उदाहरण घ्या. दोन्हींना सहा नट, १३९.७ मिलिमीटर. मधलं भोक दोन्हींचं ७८.१. नटांचे आटे तेच. जुन्याचं चाक नव्यावर असं बसतं की जणू त्याच्यासाठीच घडवलं. पण २०१८चा सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि २०१९चा ट्रक ४३३ मेगाहर्ट्झवर ऐकतो. ज्यांनी रेडिओची खुंटी फिरवून पुणे केंद्र लावलंय त्यांना जास्त सांगायला नको: काटा ७९२वर नसेल तर पलीकडे कुणी कितीही सुरेल गात असो, आपल्या घरात खरखरच. वर्ष एकच पुढे-मागे, पण चाक मुकं. युरोपात या कामासाठी पहिल्यापासून ४३३ वापरतात, अमेरिकेत दोन्ही चालतात. जगभरासाठी एकच पुर्जा काढायचा तर ३१५ला निरोप द्यावाच लागणार, हा कंपन्यांचा हिशेब उघड आहे. तो मला चुकीचाही वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, ती येईलच.

बरं, तरंग जुळला म्हणजे भागलं असंही नाही. २०१९नंतरच्या रॅम १५००चं पीसीडीही १३९.७च, मधल्या भोकात सिल्वरॅडोपेक्षा काही दशांश मिलिमीटरचाच फरक. सेन्सरही ४३३वाला. तरी सिल्वरॅडोचा सेन्सर रॅमला कळत नाही. कारण तरंग म्हणजे नुसता आवाज. त्यावर काय बोलायचं, आधी नाव की आधी दाब, तापमान कुठे घालायचं, चूक पकडायचा आकडा कसा काढायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलंय. मालवणी आणि अहिराणी दोन्ही माणसाच्याच गळ्यातून येतात, पण देवगडच्या आजीला धुळ्याच्या बाजारात भाव करायला लावून बघा.

हा सेन्सर दिसायला फार साधा. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला चिकटलेली, काडेपेटीहून लहान, काळी डबी. वजन पाच-सात सुट्या नाण्यांएवढं. आत दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय की नाही ओळखणारी चिप, छोटा प्रक्षेपक आणि लिथियमची बॅटरी. गाडी उभी असताना तो जवळजवळ झोपलेला असतो. चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि साधारण मिनिटाला एकदा आपलं नाव आणि दाब पुकारतो. नाव म्हणजे अंकाक्षरांची एक लांबलचक खूण, प्रत्येक सेन्सरची वेगळी. पुकारतो तेही उघड्यावर, कुलूप न लावता. रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवून दिलं की जाणाऱ्या गाडीच्या चाकांची ही पुकार चाळीस मीटरवरून ऐकता येते, आणि खोटी पुकार घालून डॅशबोर्डवर नसलेला बिघाड दाखवताही येतो. पहाटे दारोदार पुकारत जाणाऱ्या वासुदेवाची मला आठवण झाली. फरक एवढाच की वासुदेव सगळ्यांना समजतो.

बॅटरी त्या डबीत राळ ओतून गाडलेली असते. ती बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांत संपते आणि मग अख्खा सेन्सर फेकायचा. म्हणून सात-आठ वर्षांची चाकं कुणी आतल्या सेन्सरांसह देत असेल, तर त्या सेन्सरांना किंमत द्यायची नसते, हे मला त्या दाढीवाल्याने न विचारता सांगितलं.

तरंग जुळला, बोली जुळली, बॅटरीही ठीक; तरी शेवटी ओळखपाळख राहतेच. गाडीला ही चार नावं आपल्या घरातली आहेत हे सांगावं लागतं, नाहीतर शेजारून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या चाकांचं ती ऐकत बसेल. इथे कंपनीगणिक रीत वेगळी. रॅमच्या अलीकडच्या गाड्या थोडं चालवलं की नवी चाकं आपणहून ओळखतात. टोयोटाच्या टॅकोमात नावं स्टिअरिंगखालच्या खाचेत यंत्र लावून गाडीच्या मेंदूत लिहावी लागतात. जनरल मोटर्सच्या पिकअपची रीत मला सर्वांत आवडली. चालकाच्या पडद्यावरून गाडीला शिकवणीच्या अवस्थेत घालायचं. हॉर्न दोनदा वाजतो. मग छोटं यंत्र घेऊन डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात, नंतर उजवं पुढचं, उजवं मागचं, शेवटी डावं मागचं. प्रत्येक चाकाची ओळख पटली की हॉर्न एकदा वाजतो. वरून बघितलं तर ही फेरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे होते, गाडी आपल्या उजव्या हाताला राहते. म्हणजे चक्क प्रदक्षिणा. उलटी घातली तर गाडी पुढच्या चाकाची हवा मागच्याच्या नावावर दाखवते. एका शेजारच्या ट्रकवर ही प्रदक्षिणा पाहताना मी हात जोडायचाच बाकी होतो.

आता भाच्याचं काय? "असंच लावून द्या, दिवा लागू दे," तो म्हणाला. कारागिराने मान हलवली. चालू असलेली सुरक्षायंत्रणा जाणूनबुजून बंद पाडून गाडी परत देणं दुरुस्तीच्या दुकानाला कायद्याने मना आहे. सुरक्षा प्रशासनाने टायर व्यावसायिकांच्या संघटनेला २०११मध्ये तसं लेखी कळवलंय. मालकाने स्वतःच्या अंगणात जॅक लावून चाकं बदलली तर त्याला कुणी अडवत नाही, कारण हे कलम कंपन्यांना, विक्रेत्यांना आणि दुकानांना लागू आहे. "घरी करा, मी पाहिलं नाही," तो हसून म्हणाला. "पण दिवा मिनिटभर लुकलुकेल आणि मग लागूनच राहील. दर वेळी गाडी सुरू केलीत की." ही लुकलुकसुद्धा नियमात लिहिलेली: आधी ६० ते ९० सेकंद उघडझाप, मग स्थिर, म्हणजे हवा ठीक असेलही, पण यंत्रणाच बहिरी आहे. आणि खरा धोका तिथेच. चार महिने सतत लागलेल्या दिव्याकडे माणूस बघेनासा होतो. मग एखाद्या दिवशी हवा खरंच उतरते.

लोक काय काय करतात याच्या सुरस कथा त्या दुकानात ऐकल्या. सर्वांत सुरस ही: प्लंबरच्या दुकानातून जाडसा पीव्हीसी पाइप आणायचा, जुन्या चाकांतले चारही सेन्सर त्यात घालायचे, दोन्ही टोकं बंद करायची, व्हॉल्व्हमधून ३५ पीएसआय हवा भरायची आणि पाइप मागच्या सीटखाली टाकून द्यायचा. गाडी खूश. चारही चाकांत कायम ३५. रस्त्यावरची चाकं सपाट झाली तरी डॅशबोर्डवर सारं आलबेल. आपल्याकडे मीटरवर लोहचुंबक ठेवणारे महाभाग आहेत, हे त्यांचे सख्खे चुलतभाऊ.

यंत्रणा मुळात कामाची नाही असा कुणाचा समज व्हायला नको. सुरक्षा प्रशासनाच्या २०१२च्या पाहणीत, ती असलेल्या गाड्यांमध्ये हवा धोकादायक पातळीला उतरलेला टायर असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्क्यांनी कमी आढळली होती. क्लीनर पोराच्या टॉमीपेक्षा हा कान नक्कीच तिखट आहे. अडचण एवढीच, की तो फक्त स्वतःच्या घरचं ऐकतो.

आणि इथे माझी तक्रार येते. ज्या व्हॉल्व्हच्या पाठीवर हा सेन्सर बसतो, तो ऑगस्ट श्रेडर नावाच्या, न्यू यॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन कारागिराने १८९१मध्ये काढला. १८९३मध्ये त्याचं पेटंट झालं. आज भाच्याच्या पिकअपला, पुण्यातल्या माझ्या स्कूटरला, मुंबईच्या टॅक्सीला, विमानाच्या चाकालासुद्धा त्याच घराण्याचा व्हॉल्व्ह आहे. (आपल्या जुन्या सायकलचा, रबरी नळीचा, तो वेगळा, ती नळी कुजली की शाळा बुडायची.) रिमवरचं व्हॉल्व्हचं भोकही मोटारगाड्यांत बहुतेक सगळीकडे साडेअकरा मिलिमीटरचं. नाशिकचा पंप आणि नैरोबीचा पंप एकाच तोंडाने हवा भरतो. श्रेडर याच नावाने पुढे हे सेन्सरही बनले आणि अमेरिकेच्या कितीतरी गाड्यांत बसले. म्हणजे एकाच नावाखाली, एकाच कांडीच्या बाहेरच्या टोकाला सव्वाशे वर्षं सगळ्या जगाला चालणारी पिन आहे, आणि आतल्या टोकाला पुढच्याच वर्षीच्या ट्रकलाही न चालणारी डबी. बाहेरच्या टोकाचं प्रमाण ठरलं. आतल्याचं ठरवायला कुणी बसलंच नाही. नियम १३८मध्ये दिवा कधी लागावा, किती सेकंद लुकलुकावा, कुठल्या रंगाचा असावा, हे सगळं आहे. सेन्सर कुठल्या तरंगावर, कुठल्या बोलीत बोलेल, याबद्दल तो गप्प आहे. गंमत म्हणजे अडचण त्यांना दिसत होती. चाकं किंवा टायर बदलल्यास यंत्रणा बिघडू शकते आणि बदलल्यावर दिवा तपासावा, अशा अर्थाचा मजकूर मालकाच्या पुस्तिकेत छापलाच पाहिजे, असं त्याच नियमात आहे. रोग ओळखला, पुडीवर इशारा छापला, औषध मात्र कंपन्यांवर सोडलं.

औषध शेवटी बाजाराने काढलं. दोन्ही तरंगांवर बोलू शकणारे कोरे सेन्सर आता मिळतात. चढवण्याआधी यंत्राने त्यांना सांगायचं, तू अमुक सालच्या तमुक ट्रकचा. त्याहून हुशार युक्ती म्हणजे नक्कल: उन्हाळी चाकांतल्या सेन्सरांची नावं वाचायची आणि तीच नावं हिवाळी चाकांतल्या कोऱ्या सेन्सरांना द्यायची. नोव्हेंबरात चाकं बदलली काय आणि एप्रिलमध्ये पुन्हा बदलली काय, ट्रकला पत्ताच नाही. प्रदक्षिणाही नको. भाच्याने हेच केलं. चार टायर रिमवरून सोडवले, जुने सेन्सर काढले, नवे घातले, बॅलन्सिंग केलं. फुकट मिळालेल्या चाकांवर त्याने जेवढे डॉलर घातले, तेवढ्यात फराळाचं पार्सल पुण्याहून दोनदा मागवता आलं असतं.

एक सूचना कारागिराने मला, परदेशी पाहुणा म्हणून, आवर्जून दिली. अॅल्युमिनियमच्या कांडीच्या सेन्सरमध्ये साधी पितळी पिन घालू नका, निकेलचा मुलामा असलेलीच घाला. दोन धातू आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ एकत्र आलं की पिन आत गंजून बसते आणि हवा तपासताना कांडीच तुटून हातात येते. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे ही यंत्रणा अजून सगळ्या गाड्यांना सक्तीची नाही, पण नव्या गाड्यांत झपाट्याने येते आहे. २०२०मध्ये केंद्राने नियम बदलून, साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या प्रवासी गाड्यांत ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चरचं साहित्य आहे, त्यांना स्टेपनी न देण्याची मुभा दिली. म्हणजे आपण सेन्सरच्या भरवशावर पाचवं चाक काढायलाही तयार झालो आहोत. अशा वेळी तो सेन्सर नाक्यावरच्या टायरवाल्याला वाचता आला पाहिजे, कुठल्याही दुकानातून घेतलेला चालला पाहिजे. आपल्या मानकांत तरंगाबरोबर बोलीही एकच ठरवून टाका, असं आत्ताच म्हणायला हवं; रस्त्यावर कोट्यवधी चाकं आली की मग कुणी ऐकणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री भाच्याने काढलेले चार जुने सेन्सर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दिले. मी घरी आणलेत, टेबलावर आहेत. एकाच्या पाठीवर बारीक अक्षरांत आकडा छापलेला आहे, ३१५. टायर रिमवरून काढल्याशिवाय तो दिसत नाही; पण टायरवाल्याचं यंत्र तो बाहेरूनच वाचतं, आणि त्याला एका चाकामागे अर्धं मिनिटही लागत नाही. चाकं घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तेवढं करून घ्या.